इथलाच माल

ईट गावच्या बाजारात माझं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग जपून बोलतात. शिवकांताच्या तोंडी लागू नये म्हणतात. म्हणू देत. मी उगाच भांडत नाही. भांडायला कारण लागतं, आणि ती कारणं दुसरेच कुणी माझ्या दारात आणून टाकतात. यावेळी तर ती ट्रकमधून आली.

ईटहून भूमकडं निघालं की ओढा ओलांडल्यावर डाव्या हाताला आमचं पत्र्याचं शेड लागतं. मी आणि माझे मालक महांतप्पा, आम्ही दोघं ते चालवतो. शेतकऱ्यांच्या फाटक्या ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, दुधाच्या पिशव्या, फुटक्या घागरी असलं सगळं प्लास्टिक आमच्याकडं येतं. बायका ते निवडतात, हौदात धुतात, तारेवर वाळत घालतात. मग ग्राइंडरमध्ये त्याचा चुरा होतो, चुरा वितळवून दाणा निघतो, आणि त्या दाण्याची पुन्हा नळी होते. सखूबाई धरून सात बायका आमच्याकडं आहेत. त्यांच्या घरची चूल या शेडवर पेटते, आणि आमचीही. परवान्यासाठी धाराशिवला इतके खेटे घातले की तिथला शिपाई मला आत्या म्हणायला लागला होता.

परदेशातला प्लास्टिकचा कचरा आपल्या देशात आणायचा नाही असा सरकारनं नियम केला, तेव्हा मी शेडवर पेढे वाटले होते. महांतप्पा म्हणाले, "अगं, सरकारच्या नियमाला कुणी पेढे वाटतं का?" मी म्हटलं, मी वाटते. तिकडचा फुकट मिळणारा माल बोटीनं उतरायचा आणि इथल्या नळीला, इथल्या पिशवीला कुत्रं विचारायचं नाही. आता आपला कचरा आपण निस्तरू, त्यावर चार घरं चालतील, असं मला वाटलं. नियम चांगला होता. अजूनही चांगलाच आहे. नियमाशी माझं भांडण नाही.

भांडण सुरू झालं ते माझ्या दिराच्या भट्टीवर. सिद्धाराम माझा धाकटा दीर, त्याची खव्याची भट्टी शेडपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या भागात घरटी म्हैस आणि गावोगाव भट्टी. सकाळी दूध आलं की कढई चढते आणि दुपारपर्यंत खवा उतरतो. भट्टीवर कुणीही आलं, अगदी वाट चुकलेला माणूस आला, तरी त्याच्या हातावर गरम खव्याचा गोळा ठेवल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. आणि ज्याच्या हातावर ठेवला त्यानं तो खायचा. नको म्हणायची रीत नाही. नको म्हणणं म्हणजे त्या घराच्या दुधाला नावं ठेवणं.

त्या सोमवारी मी महादेवाला जाऊन येताना भट्टीवर थांबले. सिद्धारामनं उलथण्यानं खवा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तोंडात टाकला, आणि तसाच थुंकून दिला.

कढईपाशी दोन गवळी बसले होते. त्यांचे हात थांबले. सिद्धारामचं तोंड पडलं.

"वहिनी, काय करायलाव हे? माणसं बसलीत."

"काय जाळलंस खाली?"

"लाकूड. दुसरं काय जाळणार?"

मी प्लास्टिकवर पोट भरणारी बाई. जळक्या पिशवीचा वास मला झोपेतही ओळखू येतो. मी उठून भट्टीच्या मागं गेले. तिथं गोणपाटाखाली माणसाच्या कमरेइतके उंच गठ्ठे रचून ठेवले होते. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले, ओलसर, कुबट वास मारणारे. एक पट्टी तोडली तर आतून पिशव्या, बाटल्या, पाकिटं, पुड्या भळाभळा बाहेर आल्या. एकावरही मराठी अक्षर नव्हतं, हिंदी नव्हतं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण असलं इंग्रजी मी आमच्या शेजारच्या वाशी गावातल्या दुकानातही कधी पाहिलेलं नव्हतं.

सिद्धाराम मागून आला. "कागद मिलवाले टाकून जातेत," तो म्हणाला. "फुकट. लाकडाला हल्ली हात लावू देत न्हाईत कुणी. आन ही काय एकट्याची भट्टी हाय का? समदेच जाळतेत."

"लेकरं खातेत तो खवा."

"धूर वर जातो वहिनी, कढईत न्हाय येत."

"मग माझ्या तोंडात कुठून आला?"

माझ्या डोक्यात इतकी तिडीक गेली होती की महादेवाची विभूती कपाळावर असतानाच मी त्याला नको नको ते बोलले. बोलून झाल्यावर मार्गही मीच काढला. आमच्या बांधावर दोन बाभळी वाळून उभ्या होत्या. मी म्हटलं, त्या तोडून ने, तुला पंधरा दिवस पुरतील. हे गठ्ठे मला दे. मी धुते, निवडते, निघेल तेवढा दाणा काढते. पण दुधाखाली हे घालू नकोस. त्यानं मान डोलावली, आणि संध्याकाळपर्यंत गठ्ठे माझ्या आवारात आले.

माझी मुलगी शिवांजली भूमला कॉलेजात जाते. तिनं एका पिशवीवर मोबाईल धरला आणि त्यावरची अक्षरं मराठीत वाचून दाखवली. पावाची पिशवी होती. वर लिहिलं होतं, उघडल्यावर चार दिवसांत संपवा, रिकामी पिशवी पिवळ्या डब्यात टाका. मला त्या तिकडच्या बाईचा राग आला नाही. तिनं बिचारीनं शिस्तीत पिवळ्या डब्यात टाकली असणार आणि आपण मोठं चांगलं काम केलं म्हणून झोपली असणार. राग आला तो डबा उचलल्यानंतर तिथपासून इथपर्यंत ज्यांचे ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांचा.

आता हे आलं कसं? ते कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. वाशीजवळ हायवेच्या कडेला एक कागद मिल आहे. तिच्यासाठी परदेशातून रद्दी येते. रद्दीला बंदी नाही. रद्दीत शंभरातला एखाद-दुसरा हिस्सा इतर काही आलं तरी नियमाला चालतं, कारण गठ्ठा बांधताना थोडंफार मिसळतंच. हे थोडंफार कुठं थांबतं ते कुणी मोजत नाही. वरून चार वर्तमानपत्रं दिसली की गठ्ठा कागदाचा. मिलमध्ये तो फोडला की आतलं प्लास्टिक बाजूला पडतं, आणि ते बाजूला पडलेलं नीट निस्तरायला खर्च येतो. भट्टीवाल्याला फुकट दिलं की खर्चही नाही आणि मालही राहत नाही. तिकडच्या देशांनीसुद्धा आता ठरवलंय म्हणे, आपलं प्लास्टिक गरीब देशांना पाठवायचं नाही. छान ठरवलंय. दोन्हीकडचे दरवाजे बंद, आणि माल माझ्या दिराच्या कढईखाली.

मी प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात फोन लावला. नाव, गाव, शेडचा पत्ता सगळं सांगितलं. मिलचं सांगितलं, भट्ट्यांचं सांगितलं. पलीकडच्या माणसानं लिहून घेतो म्हणून सांगितलं. महांतप्पा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा स्वभाव असा की बैल शेपटीनं माशी हाकलायला लागला तरी हे माशीची बाजू घेतील.

"कशाला गं त्या मोठ्या लोकांशी वाकडं?" ते म्हणाले.

"वाकडं त्यांनी केलंय. मी सरळ करायलेय."

मंडळाचे साहेब आले, पण ते यायच्या आधी आम्ही आमचं काम करून बसलो होतो. आमची पद्धतच ती. आलेला माल तसाच ठेवला की कुजतो, किडे होतात, म्हणून आला की धुवायचा. सातही बायकांनी ते गठ्ठे फोडले, पावाच्या पिशव्या, दुधाच्या बाटल्या वेगळ्या काढल्या, धुतल्या, आणि पिशव्या रस्त्याकडच्या तारेवर चिमटे लावून वाळत घातल्या. चकाकणारी पाकिटं मात्र वितळत नाहीत, त्यांचा ढीग कोपऱ्यात केला. लांबून पाहिलं तर कुणा मोठ्या घरचं लग्नाचं धुणं वाळत पडलंय असं वाटावं. परदेशी अक्षरं उन्हात चमकत होती.

मंडळाची जीप थेट त्या तारेपाशी थांबली.

"या पिशव्या कुठल्या?" साहेबांनी विचारलं.

"परदेशातल्या," मी म्हणाले. "त्याच्यासाठीच तर फोन केला."

"म्हणजे परदेशी प्लास्टिक कचरा तुमच्या आवारात आहे हे तुम्ही मान्य करता."

"मान्य काय करायचं साहेब, दिसायलाय की. मिलमधनं आलाय."

"आयातीचा परवाना आहे?"

"आयात म्या कशाला करीन? म्या बाजारातनं कोथिंबीर आणते."

सखूबाई हसली. साहेब हसले नाहीत. मी त्यांना म्हटलं, भट्ट्या बघा, मिल बघा. ते बघून आले. बघून आले म्हणजे काय, तर मिलच्या ऑफिसात बसून आले. तिथली कागदपत्रं एकदम चोख होती. रद्दी मागवलेली, रद्दी उतरलेली, बंदरावरचे शिक्के रद्दीचेच. आवारात प्लास्टिकचा एक तुकडा नाही. असणार कुठून? रोज उचलून देतात.

मग ते सिद्धारामच्या भट्टीवर गेले. मी बरोबर गेले. मला वाटलं, भावकी आहे, माझ्यासाठी नाही तरी खरं म्हणून बोलेल. सिद्धारामनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "आमी लाकूडच जाळतो साहेब. बघा की." भट्टीत माझी बाभूळ जळत होती. शेजारी राखेचा ढीग होता. आणि रीतीप्रमाणं त्यानं साहेबांच्या हातावर गरम खवा ठेवला. साहेबांनी तो डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाले, "वा. असा खवा आमच्याकडं मिळत नाही."

नसेलच मिळत. माझ्या बांधावरच्या बाभळीवर आटवलेला खवा तुमच्याकडं कसा मिळेल? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"राख बघा साहेब," मी म्हटलं. "राखेत काय हाय ते बघा."

"बाई, राखेवरून काय सिद्ध होतं?" ते म्हणाले. "मला जिथं माल सापडला तिथंच कारवाई करावी लागते."

आणि केली. ज्यांनी जाळला त्यांच्याकडं काहीच सापडलं नाही. मी धुऊन, निवडून, चिमटे लावून वाळत घातला, म्हणून माझ्याकडं सगळं सापडलं. ग्राइंडरला सील, दाण्याच्या यंत्राला सील, विजेच्या पेटीला सील. माझ्या हातात हुकूम दिला. या मालावर प्रक्रिया करायची नाही, विकायचा नाही, जाळायचा नाही, टाकायचा नाही. जिथून आला तिथं परत पाठवायचा आणि तसा पुरावा सादर करायचा. तोवर शेड बंद.

"कुठं परत पाठवू?" मी विचारलं. "बोटीत घालू का?"

साहेब जीपमध्ये बसता बसता महांतप्पांकडं वळून हळूच म्हणाले, "पुढच्या भेटीत आवार रिकामं दिसलं तर सील काढायला अडचण नाही." माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. बाईला रागवायचं आणि खरं ते पुरुषाच्या कानात सांगायचं, ही यांची तऱ्हा.

रिकामं दिसलं तर. याचा अर्थ न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो. सिद्धाराम संध्याकाळी घरी आला, ओट्याच्या कडेला बसला. "वहिनी, माझं चुकलं," तो म्हणाला. "मला भ्या वाटलं. पण आता एक ऐका. समदा माल भट्टीवर द्या. आठ दिवसांत आवार झाडून काढल्यागत होतंय. तुमचं शेड चालू."

महांतप्पा काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार असतो, हे मला एवढ्या संसारात कळलंय. दुसऱ्या दिवशी सखूबाई आली. तिच्या घरच्या शेळ्या दुष्काळात विकल्या गेल्या, तेव्हापासून ती आमच्याकडं आहे. ती हौदाच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "अक्का, आमी खुरपायला जावं का कुणाच्या रानात? तसं सांगा. वाट बघत बसून पोट भरत न्हाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

शेड उघडायचं तर माल जाळायचा. न जाळावा तर शेड बंद. सरकारनं प्लास्टिक जाळू नये म्हणून नियम केला आणि मला त्याच नियमानं काडी हातात दिली. दोन दिवस मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते. कुकरची शिट्टी झाली तरी कुकरवर ओरडत होते. मग तिसऱ्या दिवशी तो हुकूम पुन्हा काढून वाचला. जिथून आला तिथं परत पाठवायचा. आता माझ्याकडं तो काही बोटीनं आला नव्हता.

मी सिद्धारामच्या दारात जाऊन उभी राहिले. "भावजी, चुकलं म्हणलाव न्हवं? ट्रॅक्टर जोडा."

ट्रॉली भरली. पिशव्या, बाटल्या, चकाकणारी पाकिटं, सगळं. सातही बायका वर चढल्या. मी हुकमाचा कागद घेऊन पुढं बसले. महांतप्पा शेवटी चपला शोधत आले आणि ट्रॉलीच्या कडेला लटकले. वाशीपर्यंत रस्त्यानं लोक बघत होते. कुठलं वऱ्हाड निघालं म्हणून कुणी विचारलं तर सखूबाई वरूनच ओरडून सांगायची, "माहेरी सोडायला चाललोय!"

मिलच्या फाटकात ट्रॅक्टर आडवा लावला. आत जाणारे दोन ट्रक आणि रस्त्यानं चाललेली उसाची एक गाडी अडली. हॉर्न सुरू झाले. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊनच आली, आणि पारगावकडचा एक पोरगेलासा पत्रकार तिथं चहा पीत होता, त्यानं मोबाईल काढला. इस्त्रीच्या शर्टातला व्यवस्थापक बाहेर आला.

"काय आहे हे?"

"तुमचा माल. परत आणलाय." मी हुकूम दाखवला. "साहेबांनीच लिहून दिलंय, जिथून आला तिथं द्यायचा."

"आम्ही प्लास्टिक घेत नाही. ही कागदाची मिल आहे."

"तुमच्याकडं आला तवा काय होता? कागदच होता न्हवं? मग कागद म्हणून उतरवून घ्या."

लोक हसले. व्यवस्थापकाचे कान लाल झाले. त्यानं फोन लावला. पोलिसांना लावला असेल, साहेबांना तर नक्कीच लावला. साहेब येईपर्यंत आम्ही हललो नाही. ट्रॉलीच्या सावलीत बसलो. उसाच्या गाडीवाल्यानं आम्हाला एकेक कांडं दिलं. मी ते त्याच्याच विळ्यानं सोलत होते आणि व्यवस्थापक दुरून माझ्या हातातल्या विळ्याकडं बघत होता.

साहेबांची जीप आली. तोवर शंभरेक माणूस जमलं होतं. व्यवस्थापकानं संधी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "साहेब, या बाई आमच्या कंपनीची बदनामी करतायत. हा परदेशी माल नाही. हा इथलाच आहे. यांनी गावोगाव गोळा केलेला लोकल कचरा आहे, आणि आमच्या दारात आणून टाकतायत."

मी विळा खाली ठेवला. उठून उभी राहिले.

"पुन्हा सांगा," मी म्हटलं. "मागच्या माणसांना आलं न्हाय ऐकू."

"इथलाच माल आहे. आमचा काही संबंध नाही."

"परदेशातला न्हाय?"

"नाही."

मी साहेबांकडं वळले. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. ते हुशार आहेत, त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. "साहेब," मी म्हटलं, "हे मोठे लोक हायेत, खोटं कशाला बोलतील? माल इथलाच हाय. मग माझं शेड कशापायी बंद केलं? इथला कचरा धुवायचा तर परवाना हाय माझ्याकडं. आन हे खोटं बोलत असतील तर फाटक उघडा, आत जाऊ समदे, बघू कुठनं आला."

पत्रकाराचा मोबाईल साहेबांच्या तोंडासमोर होता. साहेबांनी एकदा मिलच्या धुराड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मिलमध्ये शिरायचं की माझं सील काढायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. माणसानं सोपं काय ते निवडलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला. सदर प्लास्टिक स्थानिक स्वरूपाचे असल्याचे आढळले. व्यवस्थापकानं सही केली. साहेबांनी केली. मग पेन माझ्यासमोर आलं.

सात बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सखूबाईनं तर बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मी पेन हातात घेतलं आणि माझं लक्ष ट्रॉलीवर गेलं. वरच पावाची एक पिशवी वाऱ्यानं फडफडत होती. तिच्यावरची अक्षरं इथल्या एकाही माणसाला वाचता येत नव्हती, आणि आम्ही तिघं मिळून लिहून देणार होतो की ही भूम तालुक्याची आहे. मी त्यांना पकडलं, असं मला क्षणभर वाटलं होतं. पकडलं कुठं? त्यांचं पाप धुवायला मी माझी सही देत होते. धुवायचा माझा धंदाच आहे, पण असलं धुणं मी कधी हातात घेतलं नव्हतं.

"करा सही," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "उद्या सील निघेल. नाही केलीत तर मला तो परदेशी धरावा लागेल, आणि सापडला तो तुमच्याकडं."

महांतप्पा माझ्या खांद्यामागं उभे होते. "सुटलो म्हण," ते म्हणाले. "पोरींच्या तोंडाकडं बघ."

मी बायकांच्या तोंडाकडं पाहिलं आणि सही केली.

ट्रॉली तशीच भरलेली परत आली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या माणसानं येऊन सील तोडलं, ग्राइंडर घरघरला, बायकांनी पदर खोचले. पावाच्या पिशव्यांचा पहिला दाणा निघाला. सगळे खुशीत होते. मीही जेवले पोटभर, खोटं कशाला सांगू.

आठवडाही गेला नाही. सकाळी रस्त्यावर ट्रक थांबला. वरपर्यंत गठ्ठे भरलेले, ताडपत्रीच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. ड्रायव्हर व्यंकट, वाशीचाच पोरगा, खाली उतरला. त्याच्या हातात साहेबांच्या पंचनाम्याची झेरॉक्स होती.

"मावशी, मिलनं पाठवलंय," तो म्हणाला. "इथलाच माल हाय म्हणं. तुमच्या सहीचा कागद हाय. तुमच्या शेडवर उतरव म्हणले."

"आन न्हाय घेतला तर?"

तो पायानं माती उकरत म्हणाला, "तर भट्ट्या काय कमी हायेत का? वाशीपर्यंत घेतेत फुकट."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला, त्याच्या मालकाला, साहेबांना, बंदरावर शिक्का मारणाऱ्याला, तिकडं गठ्ठा बांधणाऱ्याला, एकालाही सोडलं नाही. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. ओरडून ओरडून माझा घसा बसला. बायका हौदापाशी ओळीनं उभ्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या. रस्त्यापलीकडं भट्ट्यांचा धूर वर चढत होता, त्या वेळेला सगळीकडं दूध कढईत पडलेलं असतं.

मग मी जाऊन फाटक उघडलं. मी उघडलं नसतं तर तो माल दुधाखाली जळला असता, आणि मी तो जळू देणार नाही हे मिलच्या त्या माणसाला चांगलं माहीत होतं.